बावड्याचा पुकारा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत मी वर्ध्यात लहानाची मोठी झाले. लग्न करून जर्मनीत गेले तर तिथली शहाणी माणसंही तेच मानतात. फरक एवढाच की वकिलाच्या खर्चाचा विमा त्यांनी आधीच उतरवून ठेवलेला असतो. त्यामुळे कसबा बावड्याला सासरी थोडा निवांत मुक्काम पडला तेव्हा जे पाहिलं ते पचायला मला वेळ लागला. इथली माणसं कोर्टाची पायरी नुसती चढत नाहीत, ती जवळ यावी म्हणून चाळीसहून अधिक वर्षं रस्त्यावर उतरली आहेत. 17 ऑगस्ट 2025 ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू झालं आणि कोल्हापुरात साखर-पेढे वाटले गेले. कोर्ट आलं म्हणून पेढे! मी हे ग्राइफ्सवाल्डच्या माझ्या शेजारणीला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, "खटला कोण जिंकलं?" अगं, खटले अजून उभे राहायचेत.

बावडा शहराच्या उत्तरेला, पंचगंगेच्या काठी. महापालिकेत असलं तरी वागणं गावाचं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर ज्याच्याकडे डोळे लावून बसतं तो राजाराम बंधारा इथलाच. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. गळीत हंगामात साखर कारखान्याचा मळीचा वास घराघरांत शिरतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. बावड्याच्या रस्त्याला मेजर मँटनं आखलेला, 1884 साली पुरा झालेला नवा राजवाडा लागतो. इकडे बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस. शाहू महाराजांचा जन्म तिथला, 1874 सालचा. आणि याच रस्त्यावर जिल्हा न्यायालयाचं बहुमजली संकुल. सकाळी साडेदहाला त्या रस्त्यावर उभं राहावं. एका बाजूनं धुवायला नेलेल्या म्हशी परत येत असतात, दुसऱ्या बाजूनं काळे कोट. म्हशींना आधी वाट मिळते.

आमचे चुलतसासरे आण्णा ऐंशीच्या घरातले. त्यांचा नदीकडच्या उसाच्या रानात बांधाचा दावा आहे. पुरात हद्दीचे दगड सरकले, की कुणी सरकवले, असा प्रश्न. प्रतिवादी सख्खा चुलतभाऊ, मधली भिंत सामाईक. तारखेच्या दिवशी सकाळी आण्णा धोतर नेसून, टोपी झटकून दारात उभे राहिले. मला वाटलं रिक्षा येईल. आली स्कूटर, आणि ती चालवत होते प्रतिवादी!

"बसा की आण्णा, उशीर हुईल," प्रतिवादी म्हणाले.

वादी मागे बसले. दोघांच्या मध्ये कागदांची पिशवी. पिशवी एकच, एका कप्प्यात दाव्याच्या नकला, दुसऱ्यात कैफियतीच्या. मी मागून चालत निघाले, कारण अंतर तसं काही फार नव्हतंच.

संकुलाच्या आवारात टेबलं मांडून बसलेले नोटरी, झेरॉक्सवाले, चहावाले. आतल्या व्हरांड्यात बाकं भरलेली, भिंतीला टेकून माणसं उभी. बायका जास्त होत्या, माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त. एक म्हातारी सातबाऱ्याचा उतारा घडी उलगडून परत परत बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत तिचं नाव आहे ते बोटाला माहीत होतं. मग पट्टेवाला दारात आला आणि त्यानं पुकारा केला. आण्णांचं नाव, विरुद्ध, त्यांच्या भावाचं नाव. व्हरांडाभर घुमला. दोघं एकदमच उठले. आत गेल्यावर मात्र दोन्ही बाजूंना दोघे असे उभे राहिले की जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलं नसावं. प्रतिवादींची एक बहीण मध्यंतरी वारली होती, तिचे वारस रेकॉर्डवर आणायचे होते. तेवढं बोलणं झालं, पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर दोघांनी मिसळ खाल्ली. बिल वादींनी दिलं.

आमचं ग्राइफ्सवाल्ड बाल्टिक समुद्राकाठचं विद्यापीठाचं शहर. तिथून बर्लिनच्या दिशेनं गाडीत बसलं की वाटेत पेने नदीवरचं अंकलाम लागतं. ज्यानं पंख बांधून माणसाला उडता येतं हे करून दाखवलं त्या ओटो लिलिएंथालचं हे जन्मगाव. बाकी गाव शांत, म्हणजे दुपारी दोन वाजता भर चौकात स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येईल इतकं. या अंकलामला एक छोटं कोर्ट होतं. आम्ट्सगेरिश्ट म्हणतात, आपल्या तालुका कोर्टाच्या तोडीचं. 1 ऑक्टोबर 1879 ला साऱ्या जर्मन साम्राज्यात एकाच कायद्यानं अशी कोर्टं उघडली. बहुतेक कामांना एकच न्यायाधीश. पैशांचे लहान दावे, वारसाहक्क, किरकोळ गुन्हे आणि जमिनीची नोंदवही, सगळं एका छपराखाली. त्याआधी त्या भागात बडे जमीनदार स्वतःच्या कुळांचा न्याय स्वतःच करायचे. कुळानं जमीनदाराविरुद्ध तक्रार करायची ती जमीनदाराच्याच कोर्टात! प्रशियानं ही पद्धत 1849 साली मोडली. ऐकायला लांबची गोष्ट वाटते, पण कोल्हापूर संस्थानात इचलकरंजी, कागल, विशाळगड या जहागिरींना न्यायाचे अधिकार होते आणि संस्थान विलीन होईपर्यंत त्यांची शेपटं शिल्लक होती. प्रशियाच्या जमीनदारापेक्षा आपला जहागीरदार शंभर वर्षं जास्त टिकला म्हणायचा.

अंकलामच्या कोर्टानं बरंच काही पाहिलं. कैसर गेला, हिटलर आला आणि गेला, मग पूर्व जर्मनीच्या राजवटीनं त्या कोर्टांची घडीच बदलली. देश एक झाल्यावर 1992 साली जुन्या नावानं कोर्ट परत सुरू झालं. आणि इतकं सगळं सोसून शेवटी ते हरलं हिशेबाच्या वहीपुढे. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यानं 2013 साली ठरवलं की लोकसंख्या घटते आहे, 21 छोटी कोर्टं परवडत नाहीत, 10 पुरेत. पहिली कुऱ्हाड 2014 मध्ये अंकलामवर पडली. ते पासेवाल्कच्या कोर्टाची शाखा झालं. पासेवाल्क पुढे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.

लोक गप्प बसले असं नाही. लाखाच्या वर सह्या जमल्या, 6 सप्टेंबर 2015 ला सार्वमत झालं. मत देणाऱ्यांपैकी शंभरातल्या 83 जणांनी सांगितलं, कोर्टं मोडू नका. पण मत द्यायला आले किती? चारातला एकसुद्धा पुरता नाही. एकूण मतदारांच्या एक तृतीयांशांचा पाठिंबा लागत होता, तो मिळाला नाही आणि सार्वमत पडलं. माझी शेजारीण त्या रविवारी बागेत सफरचंदं गोळा करत होती. "मी आयुष्यात कोर्टात गेले नाही," ती म्हणाली, "मग ते कुठंही असो."

मला मात्र तिथं जावं लागतं. दुभाषी म्हणून अधूनमधून बोलावणं येतं. एकदा पासेवाल्कला एका पंजाबी ट्रकचालकाचं काम होतं, वेगमर्यादा मोडल्याचा दंड त्याला मान्य नव्हता. दालनाच्या दाराला कागद लावलेला: नऊ वाजता अमुक, नऊ वीसला तमुक, पावणेदहाला आम्ही. पावणेदहाला दार उघडलं. आत न्यायाधीश, चालक, त्याचा वकील आणि मी. प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या. मी इमानेइतबारे भाषांतर करीन अशी शपथ घेतली, मोजणी यंत्राचा दाखला वाचला गेला, वकील चालकाच्या कानाशी लागला, चालकानं हरकत मागे घेतली. दहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही रस्त्यावर होतो. "इतकंच?" चालक मला पंजाबीमिश्रित हिंदीत म्हणाला. लुधियानाकडचा माणूस होता; कोर्ट म्हटल्यावर त्यानं दिवसभराची रजा टाकली होती.

माझं नवल सुरू झालं ते तिथून. जिथं कोर्टाचं काम वीस मिनिटांत उरकतं तिथं कोर्ट गेल्याचं कुणाला फारसं सोयरसुतक नाही. आणि जिथं वारस रेकॉर्डवर आणायला ऋतू उलटतात तिथं कोर्ट आलं म्हणून पेढे. उत्तर शोधायला मी बावड्यातच बसले, जुन्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांत आणि घरातल्या पुस्तकांच्या कपाटात.

मराठेशाहीत न्याय चालत दारी यायचा. गावात तंटा झाला की गोतसभा बसे: पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, आसपासच्या गावचे वतनदार. वादी-प्रतिवादींनी आधी राजीनामा द्यायचा, म्हणजे गोत सांगेल ते मान्य. वर जामीन द्यायचा. मग तकरिरी, साक्षी, जुने कागद. निवाडा झाला की महजर लिहायचा आणि त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा वस्तरा, सोनाराची हातोडी. सही न येणाऱ्यांनी आपापलं अवजार काढून साक्ष दिली, हे असे कागद जर्मन कायद्याच्या प्राध्यापकांना दाखवायला हवेत. हरलेल्यानं यजितखत लिहून द्यायचं की माझा हक्क नाही, पुन्हा भांडणार नाही. शिवाय सरकारात गुन्हेगारी भरायची. जिंकलेलाही सुटत नसे, त्यानं खुशीची हरकी भरायची. पुरावा तोलायला अवघड झाला तर दिव्य: उकळत्या तेलातला धातूचा रवा हातानं काढायचा, हात पिशवीत घालून मोहोर लावायची, दोन दिवसांनी उघडून बघायचं. बांधाच्या तंट्यासाठीसुद्धा माणसं हे करत. आण्णांना मी विचारलं, त्यांची तयारी आहे का. ते म्हणाले, "त्याला काढू दे आधी."

जर्मन खेड्यांतही मध्ययुगात गावचं न्यायासन लिंडनच्या झाडाखाली बसायचं; असली म्हातारी झाडं काही गावांत अजून जपून ठेवली आहेत. तिथल्या कोर्टांनी त्या रिवाजाचा एक धागा सोडला नाही. फौजदारी खटल्यात छोट्या कोर्टातही कधी कधी न्यायाधीशाच्या दोन बाजूंना दोन साधे नागरिक बसतात, पाच वर्षांसाठी निवडलेले. कुणी शिक्षिका, कुणी बेकरीवाला. त्यांच्या मताला न्यायाधीशाच्या मताइतकंच वजन. दोघांनी मिळून ठरवलं तर न्यायाधीश एकटा पडतो. आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली ज्यूरी नानावटी खटल्यानंतर बदनाम होऊन गेली, आणि गोत तर त्याआधीच गेलं होतं. आता कोर्टात गाव असतं ते फक्त व्हरांड्यात.

कोल्हापूरकरांच्या कोर्टप्रेमाची खरी गाठ मला शाहू महाराजांपाशी सापडली असं वाटतं. या राजाला कायद्याचा हत्यार म्हणून उपयोग ठाऊक होता. 1902 साली त्यांनी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, 1918 मध्ये कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी नेमले. 1919 मध्ये बायकांचा छळ करणाऱ्यांना शिक्षा देणारा कायदा केला. देशपातळीवर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा यायला 2005 साल उजाडलं. पण मला सगळ्यांत धीट वाटतं ते त्यांनी अस्पृश्य समाजातल्या तरुणांना दिलेल्या वकिलीच्या सनदा. ज्याची सावली चालत नव्हती तो भर कोर्टात उभा राहून उलटतपासणी घेणार! आणि स्वतः महाराज? खडखडा गाडीतून जाताना वाटेत माणूस आडवा आला की थांबून ऐकायचे, सोनतळीच्या मुक्कामी बसल्या जागी हुकूम सोडायचे. आजच्या वकिलाला ही पद्धत कायदेशीर वाटणार नाही, पण माणसाला दाद मागायला चालावं किती लागायचं याचा हिशेब करा.

पुढे राजाराम महाराजांच्या काळात संस्थानाचं स्वतःचं हायकोर्टही होतं, राहत्या शहरात. मग 1 मार्च 1949 उजाडला, कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. लोकशाही आली, फार चांगलं झालं. फक्त एक गोष्ट कुणी मोजली नाही: चालत जाण्यासारखं असलेलं हायकोर्ट एका रात्रीत पावणेचारशे किलोमीटर लांब गेलं. त्यापुढची पंचाहत्तरहून जास्त वर्षं म्हणजे मुंबईचा रात्रीचा प्रवास, पुढे पुढे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं. संध्याकाळी-रात्री कोल्हापुरातून निघायचं, डोक्याखाली कागदांची पिशवी, सकाळी बोरीबंदरला उतरून स्टेशनवरच तोंड धुवायचं, फोर्टात वकिलाचं ऑफिस शोधायचं. नंबर लागला नाही तर परत रात्रीची गाडी. सिंधुदुर्गातल्या माणसाची फरपट याहून वाईट. औरंगाबादला 1981 साली खंडपीठ झालं आणि कोल्हापूरकरांच्या मनात काय सलतं आहे त्याला नाव मिळालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे पाच शेजारी जिल्हे सोबतीला आले. मोर्चे, उपोषणं, कामकाजावर बहिष्कार, कृती समित्या. वकिलांची एक पिढी हेच करत म्हातारी झाली. राज्य पुनर्रचना कायद्याच्या 51 व्या कलमातलं तिसरं पोटकलम कोल्हापुरात चहाच्या टपरीवरही पाठ आहे, कारण मुख्य न्यायमूर्तींना मुंबईबाहेर बैठक बसवता येते ती त्याच्या जोरावर.

बेंच बसतो सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात. जिल्हा न्यायालय बावड्याला गेलं नसतं तर ती जागा मोकळी झाली नसती, हे बावडेकर आवर्जून सांगतात; श्रेयाच्या बाबतीत गाव मागे राहणारं नाही.

मग मी अंकलामचा हिशेब पुन्हा मांडला. जर्मनीत दहा लाख लोकांमागे साधारण अडीचशे न्यायाधीश. आपल्याकडे मंजूर पदं धरली तरी एकवीसच्या आसपास, आणि विधी आयोगानं पन्नास तरी हवेत असं सांगून 1987 पासून किती वर्षं गेली ते आपणच मोजायचं. देशभरच्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत साडेचार कोटींहून अधिक प्रकरणं पडून आहेत. तिथं कोर्ट लांब गेलं तरी न्याय फार लांबत नाही, म्हणून माझी शेजारीण सफरचंदं गोळा करू शकते. इथं काळाचं अंतर आपल्या हाती नाही. निदान रस्त्याचं तरी कमी करून घेऊ, असं कोल्हापूरनं ठरवलं आणि ते करून दाखवलं. यात भोळेपणा आहे का? असेल. पण पावणेचारशे किलोमीटरवरून तारीख घेऊन परतणं आणि पाच किलोमीटरवरून परतणं यात एका एकराच्या शेतकऱ्याची दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडं आणि लॉजचं बिल असतं. हे ज्यानं कधी भरलं नाही त्यानं हसू नये.

संध्याकाळी ओट्यावर दोघे भाऊ बसले होते. मी आण्णांच्या मोबाईलवर त्यांच्या दाव्याचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख दाखवली. त्यांनी मोबाईल प्रतिवादींकडे दिला, त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"तुमच्या तिकडं बांध न्हाई का ओ, सूनबाई?" आण्णांनी विचारलं.

मी सांगितलं, प्रत्येक तुकड्याची मोजणी झालेली असते, नोंदवही कोर्टातच असते, तिच्यात लिहिलं ते खरं धरतात. दगड सरकला तरी वही सरकत नाही.

"मग भाऊबंद बोलत्यात कशावर?"

"बोलत नाहीत," मी म्हणाले. "नाताळाला कार्ड पाठवतात."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग प्रतिवादींनी मुद्द्याला हात घातला. "आण्णा, समजा हिथं निकाल तुमच्यासारखा लागला तर मी वर अपिलात जाणार बगा. आता सांगून ठेवतो."

"जा की. माझ्या इरुद्ध लागला तर मी बी जाणार. जिल्ह्याचं झालं की हायकोर्टात. आता काय, सीपीआरसमोर तर जायचंय."

"गाडी हाईच."

"गाडी हाय रे," आण्णा म्हणाले, "पर तिथं लावायची कुठं? भाऊसिंगजी रोडला जागा गावत न्हाई."